तिसरी ओळ

चालताना त्याचा एक हात कायम पायजम्यावर असे. मार्चमध्ये बराकीत त्याने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हापासून तुरुंगाने त्याची नाडी काढून घेतली होती.

दर गुरुवारी समुपदेशक मॅडम यायच्या. त्यांनी त्याच्याकडून एक कार्ड भरून घेतलं. मन थाऱ्यावर नाही, हे कशावरून ओळखायचं? 'घास उतरत नाही.' मग काय करायचं? 'बागेला पाणी घालायचं.' तिसरी ओळ होती, कुणाला सांगायचं? चार वर्षांत त्याच्या मुलाकातीला काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

"राहू द्या कोरी, घाई नाही," मॅडम म्हणाल्या.

आठव्या गुरुवारी त्यांच्याच शब्दावर नाडी परत मिळाली. दोन्ही हात हलवत तो हौदापर्यंत चालत गेला, उगाचच.

आज सोमवार. लेकीला पाठवलेलं पत्र न फोडताच परत आलं होतं. दुपारचं ताट त्याने तसंच सरकवलं. बागेला पाणी घातलं, दोनदा घातलं. मॅडम यायला अजून तीन दिवस होते. शेवटी पायजमा मुठीत धरून तो फाटकावरच्या हवालदाराकडे गेला आणि नाडी पुढे केली.

"आजच्या दिवस ही तुमच्यापाशी ठेवा, साहेब."

हवालदाराने नाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खुर्ची सोडून तो पायरीवर बसला आणि शेजारी जागा केली.

"बस. काय झालं?"

बराच वेळ बोलून झाल्यावर त्याने खिशातून कार्ड काढलं.

"साहेब, तुमचं नाव काय लिहू?"