मँडोलिन कमी पडलं

लेवीसाहेबांनी सगळे कागद गोळा केले आणि पत्र्याच्या ट्रंकेत टाकले. "खलास," ते म्हणाले. "अब ये नहीं बजाएगा. कभी नहीं."

गिरगावातल्या एका शाळेच्या हॉलमागची ती खोली. तिघे साथीदार आपापली वाद्यं पेट्यांत भरत होते. कमलाकांत मात्र मँडोलिन मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हॉल भरलेला होता. वाजवता वाजवता सुरांमधला पहिला मोठा विराम आला आणि पुढच्या रांगेतले लोक घड्याळं बघत उठले. मग मधल्या रांगा उठल्या. हे संगीत साहेबांनी तरुणपणी व्हिएन्नात लिहिलेलं. तिथे लोकांनी शिट्ट्या मारून ते बंद पाडलं होतं. पुढे ज्यू म्हणून देश सोडावा लागला, तेव्हा कपड्यांबरोबर साहेबांनी हे कागद तेवढे आणले.

कमलाकांतला त्यातली चाल कळली होती असं नाही. मुळात चालच नव्हती. व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट आपापसांत तुटकतुटक बोलायचे, अचानक तिघेही गप्प व्हायचे आणि त्या शांततेत मँडोलिनचा एकच सूर यायचा. बोटांवर मोजावेत इतकेच सूर होते त्याच्या वाट्याला. पण गणपतीच्या मेळ्यात ढोलकीच्या शेजारी आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिनांच्या मागे बसून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि आपलं वाद्य त्याला स्वतःला कधी धड ऐकू आलं नव्हतं. या परक्या माणसाने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती. साहेबांचे उपकार कोणत्या शब्दांत मानावेत ते त्याला सुचत नव्हतं. आणि आता ती जागा ट्रंकेत बंद होत होती.

तेवढ्यात मोर्चा आला.

मोर्चाच म्हणायचा तो. पुढे कमलाकांतच्या चाळीत मासे घेऊन येणारी शेवंता कोळीण, तिच्या बाजूला चाळकमिटीचा सेक्रेटरी चिंतामणी, आणि मागे निम्मी चाळ. संयुक्त महाराष्ट्रासाठी दोघंही सत्याग्रहात तुरुंगाची हवा खाऊन आली होती. तेव्हापासून कुठलंही बंद दार त्यांना बंद वाटत नसे. आज हॉलमध्ये शेवटपर्यंत बसलेली माणसं तेवढी हीच होती.

"साहेब," चिंतामणीने घसा साफ केला, "आमच्या चाळीच्या माणसावर आज इथे उघडउघड अन्याय झालेला आहे. आम्ही त्याचा जाहीर निषेध..."

"निषेध मागून कर रे," शेवंता म्हणाली. "साहेब, त्या काळ्या पिपाणीवाल्याला एवढं वाजवू दिलं. त्या मोठ्या सारंगीवाल्याला एवढं. आणि आमचा पोरगा नुसता हात बांधून बसलेला! जरा सूर लागला की लगेच बंद. का म्हणून? त्याला वाजवता येत नाय?"

कमलाकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, अगं लिहिलंयच तेवढं."

"मग कमी लिवलंय!"

साहेब ट्रंकेपाशी ताठ उभे राहिले. "क्या बोलता है ये लोग?"

"थँक्यू बोलने को आया, सर," कमलाकांत म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्याने त्याचे कान लाल झाले.

पण साहेब इतकी वर्षं गिरगावातच भाजी घेत होते. "झूठ. कमी बोला वो. कमी हमको मालूम है." ते शेवंताकडे वळले. "बाई, क्या कमी?"

शेवंताने पुढे येऊन मँडोलिनवर बोट ठेवलं. "ये! ये कमती है. ये और मंगता."

साहेबांनी चष्मा काढला. ते पाहून कमलाकांतने मनाशी म्हटलं, संपलं. उरलीसुरली आशाही आपल्याच माणसांनी घालवली.

"और मंगता?" साहेब हळूच म्हणाले. "व्हिएन्ना में बोला, बंद करो. इधर उठके गया. तीस बरस में पहला आदमी बोलता है, और मंगता."

आणि त्या उंच म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून शेवंतापुढे कमरेतून वाकून मान झुकवली.

शेवंता लाजली. तिने उगाच पदर सारखा केला. पण मागणी काही सोडली नाही. "ते वाकणं राहू द्या. मासळीचा वाटा घेतला की मी गिऱ्हाईकाला दोन बांगडे वर घालते. तुम्ही पण दोन सूर वर घाला."

या वेळी कमलाकांतने शब्दन् शब्द खरा सांगितला. साहेब हसले. पोट धरून हसले. मग त्यांनी मान हलवली. "नहीं. एक भी नहीं बढ़ेगा." त्यांनी ट्रंक उघडली आणि कागद बाहेर काढले. "लेकिन फिर से बजाएगा. पूरा."

"म्हणजे दुप्पट झाले की!" चिंतामणी म्हणाला, आणि मागणी मान्य झाल्याचं त्याने दारातल्या लोकांना तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

चाळ या खेपेला पहिल्या रांगांत बसली. साहेबांनी हात वर केला. व्हायोलिन बोललं, चेलो बोललं, क्लॅरिनेटने मध्येच काही विचारलं. कमलाकांतचे डोळे भरून आले होते आणि समोरचा कागद त्याला दिसत नव्हता. साहेबांचे उपकार मानायचे की मावशीचे, तेही कळत नव्हतं. मग तिघेही थांबले. शांतता लांबत गेली. मागे कोणीतरी चुळबुळलं आणि विचारलं, "झालं काय?"

"गप रे," शेवंता कुजबुजली. "आता आपला येतोय."