वासराचं पाऊल

बाण पुन्हा पळाला.

पुष्पलताने माऊस हलवून पाहिला, आपटून पाहिला, शेवटी त्याला नमस्कारही केला. माऊस मेल्यासारखा पडून राहिला. पडद्यावरचा बाण मात्र दावं सुटलेल्या वासरासारखा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उधळत होता. तिने हात जोडले तेव्हा तर तो जास्तच नाचला.

दुपार व्हायला आली होती आणि तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. चातुर्मासाचा नेमच तसा होता. गोपद्मं काढल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. गुडघ्यांनी जमिनीवर बसू देणं सोडलं, तेव्हापासून गाईची पावलं ती लॅपटॉपवर काढायची आणि पडदा देवाकडे वळवून हळदकुंकू वाहायची. कुंकवाने दोन बटणं अडकून बसली होती. देव चालवून घेत होता. आज लॅपटॉपच्या पाटीवर बोट फिरवून तिने पावलं काढून पाहिली, तर गाईऐवजी कोंबडीची उमटली. माऊसच हवा होता, आणि तो तर कालच नवा आलेला.

नंदनवनच्या वाचनालयात संगणक शिकलेल्या बायकांचा एक ग्रुप होता. तिने तिथे गाऱ्हाणं मांडलं. मयुराने लिहिलं, सेल बदला. पुष्पलताने भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून घातला. घड्याळ थांबलं, बाण नाही थांबला. गार्गीताईंनी कळमेश्वरहून कळवलं, माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा मऊ फडक्याने पुसा. पुसला. एकीने सांगितलं, काचेवर ठेवलात का, लाकडावर ठेवा. तिने देवघरातला पाट आणून माऊसला त्यावर बसवलं. पाटाभोवती रांगोळी घालायचा मोह तेवढा आवरला. मग कोणीतरी व्हायरसचं नाव काढलं, आणि दोघीजणी घाईघाईने ग्रुपमधूनच निघून गेल्या. भुकेल्या पोटी पुष्पलताला हसू फुटायला लागलं, ते थांबेना.

ग्रुपमध्ये खरं कळायचं ते यमुताईंना. यमुताई म्हणजे तिच्या थोरल्या जाऊबाई. त्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. कोणाचाही प्रिंटर रुसो, यमुताई फोनवरून त्याची समजूत काढायच्या. फक्त पुष्पलताच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर येत नसे. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या भरल्या पंगतीत त्या म्हणाल्या होत्या, पुष्पलताची आंबील पातळ झाली. तेव्हापासून दोघींचा अबोला होता. आधी बोलेल ती हरली, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण दोघींना ते पाठ होतं. आता महालक्ष्म्या पुन्हा तोंडावर आल्या होत्या. ज्येष्ठा-कनिष्ठा जोडीने बसवायच्या आणि बसवणाऱ्या दोघींनी जिन्यात तोंडं फिरवायची, हे पुष्पलताला आतून खात होतं. रीत तेवढी पाळली जात होती. काल तिच्या नवऱ्याने, सुमंतने, दोन घरांसाठी दोन सारखे माऊस आणले, तेही आधी वर पाठवले. मोठीने एक निवडून घ्यायचा, उरलेला खाली यायचा.

फोन वाजला. ग्रुपवर यमुताईंचा निरोप होता. "ज्यांचा माऊस बिघडला, त्यांनी पेंट उघडून, ब्रश निवडून हात बाजूला घ्यावा."

ना नाव, ना गाव. पुष्पलताने मुकाट्याने बोटाने पेंट उघडलं, ब्रश निवडला आणि हात पदरात घेऊन बसली.

बाण क्षणभर थबकला. मग त्याने एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि पांढऱ्या पडद्यावर एक वेडंवाकडं गोपद्म उमटलं. त्याच्याशेजारी आणखी एक, इवलंसं.

ती पडद्याजवळ झुकली. गाईच्या पावलाशेजारी वासराचं पाऊल काढणारं माणूस सबंध घरात एकच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात तिचा हात धरून त्यांनीच तिला ते शिकवलं होतं.

तिने वर छताकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. माऊसबरोबर नखाएवढा रिसीव्हर येतो, तो लॅपटॉपला खोचायचा असतो. वरचा रिसीव्हर खाली आला होता, खालचा वर गेला होता. दोघींची टेबलं अगदी एकावर एक, मध्ये फक्त स्लॅब.

गुडघे विसरून ती जिना चढली.

यमुताई टेबलाशी वाकून बसल्या होत्या. जीभ दातांत धरून माऊस फिरवत होत्या. त्यांच्या पडद्यावर काहीच हलत नव्हतं. आंधळ्याने रांगोळी घालावी तशी त्यांची पावलांमागून पावलं चालली होती. शेजारी झाकलेला तांब्या होता आणि दोन फुलपात्रं.

पुष्पलताचं हसू पुन्हा उसळलं. हरायचं ते हरायचं, तिने ठरवलं.

"यमुताई, वासरू गाईच्या पाठीवर चढलं जी."

यमुताईंचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या, की तांब्यावरचं झाकण खाली पडलं. थोरल्या सुनेने काढलेली पावलं घरचीच, तेव्हा नेम मोडला नाही, असं यमुताईंनी ठरवून टाकलं आणि फुलपात्र भरून तिच्या हातात दिलं. खाली जाऊन हळदकुंकू वाहते आणि मग पिते, असं पुष्पलता म्हणाली. आंबिलीचा विषय कोणी काढला नाही. फक्त यंदा ती दोघींनी मिळून ढवळायची, एवढं बोलणं झालं.

पुष्पलताने डोळे पुसले. संध्याकाळी सुमंतला त्या दुकानात पाठवते आणि चांगली खरडपट्टी काढायला लावते, असं ती म्हणाली. दोन डब्यांतले रिसीव्हर अदलाबदल करून विकणारा कसला तो दुकानदार!

यमुताईंनी पडलेलं झाकण उचललं, पदराने पुसलं आणि तांब्यावर नीट बसवलं.

"दुकानदाराले काहून बोल लावून राहिली वं? दोन्ही माऊस आधी माह्याच हाती आले होते."