पाचोळ्याखालची माती

मोजणीदाराने दार उघडलं आणि समोर मॅडमना पाहून त्याचा चेहरा उतरला. एका हातात काठी होती, ती त्याने नकळत मागे घेतली.

आठ वर्षं मॅडम एकच गणित सोडवत होत्या. आकाशातून सोडलेल्या रडारच्या लहरी जंगलावर पडतात. काही पानांवरूनच परततात, काही खोडांवर आपटतात, काही मातीला शिवून माघारी येतात. परतलेल्या लहरींत पानांचा वाटा किती आणि मातीचा किती, हे त्यांचं मॉडेल सांगायचं. ते बरोबर की चूक, हे ठरायचं मोजणीदाराच्या वहीवरून. जंगलात चाळीस ठिकाणी मातीत यंत्राच्या सळ्या खुपसून तो ओलावा मोजायचा. सहा वर्षं त्याचे आकडे मॉडेलशी जुळत राहिले. गेली दोन वर्षं मात्र कशाचा कशाला मेळ नव्हता.

"दोन वर्षं तुम्ही जंगलात पाऊल टाकलेलं नाही. खरं ना?" मॅडमनी विचारलं.

"खरं," तो म्हणाला.

"म्हणजे हे आकडे घरी बसून लिहिलेत."

त्याची बायको आतून हात पुसत आली. "घरी बसून नाही हो. मी जाते. यांचे गुडघे गेले. जिना उतरवत नाही, तिथे जंगल कुठलं? नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. पण चाळीसातलं एक ठिकाण चुकवलं नाही मी."

"मग ऐन उन्हाळ्यात माती एवढी ओली कशी?"

"झाडाखाली घोटाभर पाचोळा असतो. तो सारून बघा. उघड्यावर भेगा पडल्या, तरी खालची माती हाताला गार लागते."

मॅडम तिथल्याच खुर्चीत बसल्या. त्यांच्या मॉडेलमध्ये पानं होती, फांद्या होत्या, खोडं होती, माती होती. पाचोळा नव्हता.

"पण मग आधीची सहा वर्षं?"

मोजणीदाराने मान खाली घातली. "हिचे आकडे खरे आहेत, मॅडम. जुळायचे, ते माझे होते. वहीत प्रत्येक ठिकाणापुढे तुमच्या मॉडेलचा आकडा आधीच छापलेला असायचा. जंगलात जायचो मी, पण लिहायचो त्या आकड्याच्या आसपास."

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं. तरी मॅडमना रागावणं जमेना. त्यांनी टेबलावरची मोजणीची वही ओढली, 'मोजणीदार' या शब्दापुढचं त्याचं नाव खोडलं आणि तिथे तिचं लिहिलं.

"एकदा तरी खरं मोजायचं होतंत," त्या हळूच म्हणाल्या.

"मोजलं होतं ना. पहिल्याच महिन्यात, चाळीसही ठिकाणी. तुम्ही लाल खुणा करून परत पाठवलंत. 'जुळत नाही, नीट मोजा' म्हणून."