मध्ये घातलेली नोंद

कोडमधला बदल पाठवून प्रतिभा केंकरे चहा ठेवायला उठली. पलीकडून इनायतभाई वाद घालायला तासभर तरी घेत. कृत्रिम डोळ्यांच्या सॉफ्टवेअरमधली लायब्ररी ती सांभाळायची, आणि कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ते. डोळा काय मोजतो आणि कोणत्या क्रमाने, याची यादी दोन्हीकडच्या हेडर फायलींत सारखीच लागायची, म्हणून दोघांच्या होकाराशिवाय एकही ओळ बदलत नसे.

“बाई, नवी नोंद शेवटी घाला,” ते ओरडायचे. “मध्ये घुसवलीत तर जुने डोळे उजेडाच्या जागी अंतर वाचतील. पहिला पडेन तो मीच!” त्यांचे स्वतःचे डोळे पहिल्या पिढीचे होते.

पाणी उकळायच्या आत उत्तर आलं. “मान्य. दोन्ही बाजू जुळल्या. सर्व डोळ्यांत लागू.”

तेव्हा तिला आठवलं, इनायतभाई निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आता एक स्वयंचलित प्रणाली होती.

तिने बदल पुन्हा वाचला. नोंद मध्येच घातली होती. शेवटची तपासणी ती वर्षानुवर्षं त्यांच्यावरच सोडत आली होती. तिने घाईने बदल मागे घेतला. तोही लगेच मान्य झाला.

तिने त्यांच्या घरी फोन लावला. रुकय्याभाभींनी उचलला.

“ते होय? शिडीवर आहेत, आंबे काढताहेत. मघाशी म्हणे एकदम अंधारलं. फांदीला मिठी मारून उभे होते. आता दिसतंय म्हणतात. हाक मारू?”

“नको, आधी त्यांना खाली उतरू द्या,” प्रतिभा म्हणाली. “मी थांबते.”