हिरवा शिक्का

"कुठलं आहे हे लाकूड?" बायकोने विचारलं आणि नवऱ्याने डोळे मिटून घेतले. पुढचं सगळं त्याला पाठ झालं होतं.

"झाडाचं," दुकानदार म्हणाला.

"ते कळलं हो. पण कुठल्या जंगलातलं? तोडलं त्या जागी दुसरं झाड लावलं का?"

दुकानदाराने आधी तिच्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहताना त्याला कीव आली असावी. "ताई, मी लाकूड विकतो. त्याचं खानदान कुठून सांगू?"

ती तडक बाहेर पडली. तोही मागोमाग निघाला. स्कूटरला त्याने जरा जास्तच जोरात किक मारली.

घर बांधायचं ठरलं तेव्हा दोघांनी मोठ्या हौसेने ठरवलं होतं, जंगल ओरबाडून आपलं घर उभं करायचं नाही. लाकूड घ्यायचं ते जंगल राखून तोडलेलंच. तशा लाकडाच्या टोकावर हिरवा शिक्का असतो. आणि बाहेरून भिंतींना ज्या फळ्या लावायच्या, त्या टाकाऊ प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा यांपासून बनवलेल्या. त्या फळ्यांसाठी कारखाने पालथे घातले. एका ठिकाणचा नमुना उन्हात ठेवला तर वाकून त्याची होडी झाली. दुसऱ्याला रॉकेलचा वास येत होता. शेवटी चांगल्या फळ्या मिळाल्या, पण आल्या तशा पडून राहिल्या. त्या ठोकायला मागे लाकडी पट्ट्या लागतात, दारं-खिडक्यांना चौकटी लागतात, आणि शिक्क्याचं लाकूड काही मिळेना. एका ठिकाणी मिळालं, पण ते समुद्रापलीकडून बोटीने येणारं. "मग त्यात वाचलं काय?" बायको म्हणाली. पाडलेल्या इमारतीच्या जुन्या तुळया आणल्या, तर सुताराने पटाशी लावताच आतून वाळवीने केलेला भुगा सांडला.

तोवर मुक्काम थोरल्या भावाकडे, एका खोलीत. रोज चहाचा कप पुढे करताना वहिनी विचारायची, "सापडलं का तुमचं झाड?" ऑफिसात नवऱ्याला वनमंत्री म्हणायला लागले होते. तो हसण्यावारी न्यायचा, पण आतून धुमसत असायचा. हौस केव्हाच संपली होती. आता उरला होता तो बायकोचा हट्ट, असं त्याला वाटायचं. हे तिला सांगायचं मात्र धाडस होत नव्हतं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. वर्गातल्या मुलांना तिने या घराचं चित्र काढून दाखवलं होतं, एकही झाड न दुखावता बांधलेलं घर म्हणून.

त्या दुकानातून दोघं थेट बांधकामावर गेले. दाराच्या जागी लावलेली निळी ताडपत्री वाऱ्यावर फडफडत होती. सुतार हत्यारं पिशवीत भरत होता.

"मी निघालो," तो म्हणाला. "लाकूड आलं की बोलवा. तेव्हा मी जिवंत असलो तर येईन."

"अहो, थोडं थांबा ना," नवरा म्हणाला.

"किती थांबू? तुम्हाला शिक्काच पाहिजे ना? मग हायवेवरच्या वखारीत जा. कुठल्याही लाकडावर मारून देतात. कोण बघायला येतंय?"

"असलं काही आम्ही करणार नाही!" नवरा ओरडला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. ती पाठ फिरवून ताडपत्रीची सुटलेली दोरी बांधत होती. रागाने पाठ फिरवली आहे, असं त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात काहीतरी थाप मारून तो हायवेवरच्या वखारीत गेला. वखारवाला खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. नवऱ्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"तो हिरवा शिक्का... मारून मिळतो म्हणे?"

"मिळतो की. माल कुठे टाकायचा?"

"पाण्याच्या टाकीमागे. अर्धवट घर आहे. दाराला निळी ताडपत्री."

वखारवाल्याने पाय खाली घेतले. "तिथला माल तर तयार आहे!" तो उठला आणि त्याला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे पट्ट्या आणि चौकटींचं लाकूड रचून ठेवलं होतं. प्रत्येक टोकावर हिरवा शिक्का होता. शाई अजून ओली होती.

"सकाळी एक बाई येऊन गेल्या, त्यांनीच पाठवलं ना तुम्हाला?" वखारवाला म्हणाला. "डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाल्या, 'मिस्टरांना कळू देऊ नका. माझा धीर सुटलाय, पण त्यांचा फार जीव आहे यात. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?'"

नवरा त्या ओल्या शिक्क्यांकडे बघत राहिला. त्याला हसू येईना, रडूही येईना. इतके दिवस एकाच खोलीत पाठीला पाठ लावून दोघं एकमेकांना सांभाळत होते, आणि त्यापायी एकमेकांवर चिडत होते.

"साहेब, टेम्पो भरू का?"

"नको. शिक्के खरवडून टाका. लाकडाचं काय करायचं ते आम्ही दोघं बसून ठरवू."

"आणि बाई आल्या तर? त्यांना काय सांगू?"

तो दारापर्यंत जाऊन थांबला.

"सांगा, मिस्टर येऊन गेले. त्याच कामासाठी."