फळ्यावरचं शून्य

"कुठून आणलं होतं?" फॉर्मवरून मान वर न करता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पुलाअलीकडच्या दवाखान्यातून," थोरली म्हणाली. "मी तिथलीच. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर."

समोरच्या कॉटवर चादर डोक्यापर्यंत ओढलेली होती. चादरीखाली तिची धाकटी बहीण होती. तासाभरापूर्वी गेली.

थोरलीच्या वॉर्डाचा सगळीकडे बोलबाला होता. दारावर काळा फळा, त्यावर खडूने लिहिलेलं असायचं, 'या वर्षी मृत्यू: शून्य'. रोज सकाळी ती तो स्वतः पुसायची आणि स्वतःच पुन्हा शून्य काढायची, तेही चांगलं गरगरीत. त्याचा तिला कोण अभिमान! मात्र त्यामागे एक साधा शिरस्ता होता. पेशंट हाताबाहेर गेला की त्याला अॅम्ब्युलन्समध्ये घालायचं आणि पुलापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवून द्यायचं. पुढचं सगळं त्यांच्या माथी.

साहजिकच पुलापलीकडचं नाव बद्दू झालं. न्यूमोनियाचे शंभर दाखल झाले तर तिथे चाळीस दगावतात, असं लोक कुजबुजायचे. थोरली तर उघड बोलायची.

म्हणूनच धाकटीची छाती भरली, तेव्हा तिच्या नवऱ्याने आधी थोरलीलाच फोन केला.

"ताई, पलीकडे नेऊ का? तिथे मोठी मशिनं आहेत म्हणतात."

"वेड लागलंय का तुम्हाला? तिथे गेलेलं माणूस परत येत नाही. माझ्याकडे आणा."

चार दिवस थोरलीने जिवाचं रान केलं. घरी गेली नाही. धाकटीला कुशीवर वळवलं, पाठ थोपटली, चमच्याचमच्याने पाणी पाजलं. पाचव्या सकाळी धाकटीची नखं निळी पडली आणि थोरलीने अॅम्ब्युलन्स बोलावली. इतकी वर्षं बोलावत आली होती तशीच.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "रागावू नका सिस्टर, पण तुमच्याकडचे पेशंट येतात ते शेवटच्या घटकेला. घरून थेट आलेले बहुतेक चालत परत जातात. आमच्या चाळीसांतले तीस तरी तुमचेच असतात. हिला पहिल्या दिवशी आणलं असतंत, तर..." त्या थांबल्या. पुढचं थोरलीला ऐकायचंही नव्हतं.

तिने फॉर्मवर सही केली. मृत्यूचं ठिकाण म्हणून या हॉस्पिटलचं नाव लिहिलं होतं. म्हणजे उद्याही फळ्यावर शून्यच. तिला स्वतःची शिसारी आली.

बाहेर बाकावर धाकटीचा नवरा बसला होता. बायकोच्या चपला त्याने मांडीवर धरल्या होत्या. आता याला सगळं खरं सांगायचं, मग तो काय बोलायचं ते बोलो, असं ठरवूनच थोरली त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझं ऐका जरा..."

"नाही ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्याने बाहीने डोळे पुसले. "तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत, इथे आलेलं माणूस परत जात नाही. तसंच झालं. आमच्या शेजारणीच्या पोरीची छाती कालपासून अशीच भरलीय. ती तिला घेऊन इकडेच निघाली होती. आत्ताच फोन करून तिला पुलावरून मागे फिरवलं. म्हटलं, आमच्या ताईंकडे ने."