दुसरा फोन

मेंढरांमागं चार-चार महिने रानोमाळ फिरणारा म्हातारा फकिरा शहागंजात ओवैसच्या दुकानी सोलर पॅनल घ्यायला आला. ओवैसनं सगळ्यात लहान पॅनल दुकानापुढच्या उन्हात धरलं अन् म्हाताऱ्याचा बटनांचा फोन त्याला जोडून दाखवला.

“हे घ्या, मामू. वजनाला काहीच नाय. तुमच्या एका फोनाला बास झालं.”

“दोन फोन चालले पायजेत,” म्हणत फकिरानं मोठं, जड पॅनल उचललं अन् पाठीला लावून पाहिलं.

“रानात एकट्या माणसाला दोन फोन कशाला? उगं ओझं.”

फकिरानं बंडीच्या खिशातून दुसरा फोन काढला.

“ह्यो माझ्या बायकोचा. ती घरी आजारी होती. सांजच्याला तिच्याशी बोलायला चार्जिंग उरावी म्हणून मी दिवसा फोन बंद ठेवायचो. त्या दिवशी दुपारी तिनं सतरा डाव फोन लावला. सांजच्याला मी चालू केला, तवर ती गेली होती.”

ओवैसनं मोठ्या पॅनलला दोन वायरी जोडल्या. मग न राहवून विचारलं, “पण मामू, आता तिचा फोन कशाला चालू ठेवायचा?”

“मी रोज लावतो ना तिला. माझ्याच खिशात वाजतो. वाजू दे.” फकिरानं दोन्ही फोन वायरींना लावले. “‘फोन बंद आहे’ असं तिनं सतरा डाव ऐकलं. मला एक डावबी ऐकवत नाय.”